लघवीची गोळी आणि पांढरा रस्सा

पाटील काका (बी-२०४): उद्या जोतिबाला जायचं तर लघवीच्या गोळीला सुट्टी द्यायची म्हणतोय.

संदीप: द्या की काका. किडनी पिळून पाणी काढती म्हणं ती.

देशपांडे मॅडम (ए-१०१): कोण म्हणतंय पिळते? आयुष्यभर फार्माकॉलॉजी शिकवली, हे नवीनच! किडन्या दिवसाला साधारण १८० लिटर गाळतात आणि ९९ टक्के परत रक्तात घेतात. उरते ती दीड-दोन लिटर लघवी. ही परत घेण्याची वाट गोळी अडवते, तीसुद्धा मिठाची. जोतिबाची सासनकाठी जिकडं, तिकडंच गर्दी, तसं मिठामागं पाणी जातं.

शिंदे वहिनी: माझी बीपीची गोळी क्लोरथॅलिडोन, ती पण तीच का?

देशपांडे मॅडम: नाही हो. काकांची गोळी, लॅसिक्स, किडनीतल्या वळणदार नळीत, हेन्लेच्या लूपमध्ये काम करते. गाळलेल्या मिठातलं पाव मीठ तिथं परत घेतलं जातं, म्हणून ती जोरदार. सूज उतरवायला हीच. तुमची त्याच्या पुढच्या नळीत, तिथं जेमतेम ५ टक्के. पण असर रेंगाळतो, बीपीला ते बरं.

पाटील काका: आणि माझी दुसरी, अल्डॅक्टोन?

देशपांडे मॅडम: लॅसिक्सनं लघवीतून पोटॅशियम जातं, ही ते राखते. आणि काका, सुट्टी मनानं नाही. लॅसिक्स तासाभरात सुरू होते, सहा तासांत ओसरते. प्रवासादिवशी वेळ बदलायची का, डॉक्टरांना विचारा.

पाटील काका: बरं. पांढरा रस्सा चालंल न्हवं?

देशपांडे मॅडम: गोळी मीठ बाहेर काढणार आणि तुम्ही वाटीवर वाटी ओढणार? मग डोस वाढवा म्हणायचं!

संदीप: लो सोडियम मीठ वापरा की.

देशपांडे मॅडम: अजिबात नको! त्यात सोडियमच्या जागी बरंचसं पोटॅशियम क्लोराईड असतं. अल्डॅक्टोन चालू असताना पोटॅशियम रक्तात साठतं, हृदयाचे ठोके बिघडतात. आधी कळतही नाही.

पाटील काका: आमच्यात महिनाभर तेच चालू हाय 😳

देशपांडे मॅडम: आत्ता डॉक्टरांना फोन करा. ग्रुप नंतर वाचा.

पाटील काका: केला. ते मीठ बंद, सकाळी रक्त तपासायला या म्हणाले.

शिंदे वहिनी: मला चालतंय का मग ते मीठ?

देशपांडे मॅडम: क्लोरथॅलिडोन उलट पोटॅशियम घालवते. पण सोबत टेल्मिसार्टन ही बीपीची दुसरी गोळी आहे का? ती पोटॅशियम वाढवू शकते. असली तर तुम्हीही विचारूनच.

शिंदे वहिनी: थांबा, पाकीट बघून सांगते.