मदत हवी आहे: ग्रेड ५ टायटॅनियममधला पांढरा पट्टा. फेज बदलली की फक्त कण बारीक झाले?

नमस्कार मंडळी,

एम.टेक.च्या प्रोजेक्टसाठी ग्रेड ५ टायटॅनियमच्या (६ टक्के अ‍ॅल्युमिनियम, ४ टक्के व्हॅनेडियम) स्प्लिट हॉपकिन्सन बारवर (सळ्यांमधून ताणाची लाट पाठवून सॅम्पल धक्क्याने दाबणारं यंत्र) कॉम्प्रेशन चाचण्या घेतेय. सॅम्पल ६ मिमी व्यासाचं, उंचीही तेवढीच. स्ट्रेन रेट (विकृतीचा वेग) सेकंदाला २००० असताना सॅम्पल नुसतं पिंपासारखं फुगतं. ३००० ला मात्र दोन सॅम्पल ४५ अंशांत तिरकी फाटली, एक कसंबसं टिकलं.

टिकलेलं सॅम्पल उभं कापलं, पॉलिश केलं, क्रोलच्या आम्लद्रावणाने एच केलं, म्हणजे कण उठून दिसावेत. ऑप्टिकल मायक्रोस्कोपखाली कोपऱ्यातून तिरका निघालेला पांढरा पट्टा दिसतो, रुंदी साधारण १० मायक्रॉन. त्याच्या कडेचे अल्फा कण (अल्फा ही कमी तापमानाची फेज, म्हणजे स्फटिकरचना) विंचरल्यासारखे एका दिशेला वळलेत. पट्ट्याच्या आत मात्र कोरं, एकही कण दिसत नाही.

गाईड म्हणतात, "आत बीटा होऊन पुन्हा मार्टेन्साइट झालंय, तसं लिही." (बीटा ही जास्त तापमानाची फेज, ती झटकन थंड झाली की सुयांसारखं मार्टेन्साइट होतं.) पण माझं गणित जुळत नाही. ताण १४०० मेगापास्कल, स्ट्रेन ०.२, त्या कामाचा ९० टक्के भाग उष्णतेत गेला असं धरलं. घनता ४४३०, विशिष्ट उष्मा ५६०. तापमान वाढतं फक्त १०० अंश. बीटा ट्रान्सस (ज्याच्या वर सगळं बीटा होतं ते तापमान) तर ९९५ अंश सेल्सियसच्या आसपास! मी कुठे चुकतेय? थीसिसमध्ये खात्री नसलेलं लिहायचं नाहीये, म्हणून विचारतेय.

प्रतिसाद

गणित बरोबर आहे, पण ते पट्टा पडण्याआधीच्या अख्ख्या सॅम्पलचं आहे. पट्टा पडला की पुढची सगळी विकृती त्या १० मायक्रॉनमध्ये कोंडते. तिथे शिअर स्ट्रेन ३-४ किंवा त्याहून जास्त सहज जातो, तापमान शेकडो अंशांनी चढतं. ते ट्रान्ससच्या वर गेलं का, हे नुसत्या आकडेमोडीने ठरणार नाही. तापत जाईल तसा ताण उतरतो, शिवाय उष्णता बाहेर झिरपते. टायटॅनियम उष्णतेचा वाईट वाहक आहे (सुमारे ६.७ वॅट प्रति मीटर केल्विन), तरी ५० मायक्रोसेकंदांत उष्णता साधारण १२ मायक्रॉन पसरतेच. म्हणजे जवळजवळ तुमच्या पट्ट्याएवढी! अख्ख्या सॅम्पलला अ‍ॅडियाबॅटिक (उष्णता बाहेर न जाणारं) म्हणणं चालेल, पट्ट्याला म्हणताना जपून.

पांढरा रंग हा मार्टेन्साइटचा पुरावा नाही. १०० नॅनोमीटरचे कण असले तरी ऑप्टिकलखाली कोरंच दिसणार. ईबीएसडीच्या (इलेक्ट्रॉनांनी स्फटिकरचना ओळखणारी पद्धत) फेज मॅपवरही विसंबू नका, अल्फा आणि मार्टेन्साइट दोन्ही षट्कोनी, ती त्यांना वेगळं ओळखत नाही. पट्ट्यातून एफआयबीने (आयनांच्या बारीक झोताने) पातळ काप काढून टीईएमखाली (आरपार बघणाऱ्या इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली) बघा. सुया दिसतात की बारीक समअक्ष कण? व्हॅनेडियम अजून जुन्या बीटाच्या जागी ओढल्यासारखं पट्ट्यापट्ट्यांत आहे का? असेल, तरी तेवढ्याने बीटामार्गे जाण्याची शक्यता मोडीत निघत नाही, कारण इतक्या कमी वेळात व्हॅनेडियमला पसरायला सवडच मिळत नाही.

त्याआधी एक सांगा, मोमेंटम ट्रॅप लावला होता का? नसेल तर लाट बारमधून परतून सॅम्पलला पुन्हा धडक देते. मग हा पट्टा पहिल्या धडकेचा की दुसऱ्या, हेच कळणार नाही.

धागाकर्ती

ट्रॅप नव्हता. माझं बारवरच्या स्ट्रेन गेजचं रेकॉर्ड ५०० मायक्रोसेकंदांवर कापलेलं असायचं. तुमचं वाचून एक जुनी २ मिलिसेकंदांची फाईल उघडली, त्यात दुसरी धडक स्पष्ट दिसतेय. हे आधी कुणीच सांगितलं नव्हतं, खूप आभार.

आता ट्रॅप बसवून, ५.१ मिमी उंचीची कडक पोलादाची स्टॉपर रिंग लावून १५ टक्क्यांवर थांबवणार आहे. तोवर सॅम्पल फुगून साडेसहा मिमी होईल, म्हणून रिंगचा आतला व्यास ७.५ ठेवतेय. एवढी फट पुरेल का?