मदत हवी आहे: टायर अदलाबदल केल्यापासून ट्रकचे स्टीअरिंग सैल वाटते, स्टीअरिंग बॉक्स बदलण्यापूर्वी काय तपासावे?

नमस्कार मंडळी,

माझ्याकडे २०१४ सालचा सहाचाकी, सोळा टनी ट्रक आहे. त्याला पॉवर स्टीअरिंग आहे, पुढे पाट्यांवर (लीफ स्प्रिंगवर) बसवलेला सरळ अ‍ॅक्सल आहे आणि सहाही टायर १०.०० आर २० मापाचे रेडियल आहेत. पिंपळगाव बसवंतहून वाशीच्या बाजारात कांदा पोहोचवणे हे गाडीचे मुख्य काम, त्यामुळे आठवड्यातून दोन-तीन वेळा कसारा घाट चढावा-उतरावा लागतो.

गेल्या सोमवारी टायरवाल्याच्या सल्ल्याने टायरांची अदलाबदल केली. पुढचे दोन टायर आतल्या कडेने बरेच झिजले होते. ते मागे टाकले आणि मागच्या बाहेरच्या जोडीतले, अधिक रबर शिल्लक असलेले दोन टायर पुढे आणले. त्याच संध्याकाळी महामार्गाला लागलो आणि गाडी जागेवर राहीना. पन्नासच्या पुढे वेग गेला की गाडी कधी डावीकडे तर कधी उजवीकडे सरकते आणि स्टीअरिंग सारखे हलवत राहावे लागते. ती एकाच बाजूला ओढत नाही, ब्रेक मारल्यावर सरळ थांबते आणि स्टीअरिंगला थरथरही नाही. मात्र डांबरात जड गाड्यांनी पाडलेली चाकोरी आली की गाडी आपल्या मनाने तिच्यात उतरते.

आमच्या मिस्त्रींचे म्हणणे असे, की स्टीअरिंग बॉक्स, म्हणजे स्टीअरिंगचे फिरणे पुढच्या चाकांकडे पोहोचवणारी गिअरची पेटी, सैल झाला आहे. वरचा स्क्रू अर्धा फेरा आवळून पाहू, नाही जमले तर बॉक्स बदलू. खर्चाची तयारी आहे, पण सकाळपर्यंत ठीक असलेला बॉक्स टायर फिरवताच संध्याकाळी कसा सैल झाला, हे मला पटत नाही. दोष टायरांत आहे की जोडण्यांत, हे घरच्या घरी कसे ओळखावे?

प्रतिसाद

आपली शंका रास्त आहे. सर्वप्रथम त्या स्क्रूला कोणालाही हात लावू देऊ नका. तो गरजेपेक्षा जास्त आवळला तर बॉक्स मधोमध जड होतो, वळणानंतर स्टीअरिंग आपोआप सरळ येत नाही आणि गाडी आणखी भरकटते.

पुढे आणलेले टायर लग नक्षीचे (आडव्या, सुट्या ठोकळ्यांचे) आहेत का, ते पाहा. पुढच्या चाकांना रिब टायर घालतात ते उगीच नाही. त्याच्या सलग उभ्या पट्ट्या गाडीला सरळ धरतात, तर लग टायरचे उंच, सुटे ठोकळे भाराखाली थोडे थोडे वाकतात. त्यातून रबर जास्त शिल्लक असेल तर ही लवचीकता वाढते. सगळे टायर थंड असताना हवाही मोजा. अदलाबदल करताना दुकानात चाक बदलतात, पण हवा बहुधा होती तशीच राहते.

तरीही केवळ टायरांवर ठपका ठेवून थांबू नका, कारण आतल्या कडेची झीज हा जुना पुरावा आहे. पुढची चाके चालताना बाहेरच्या दिशेला फाकत असतील तर टायर आतून झिजतो. काढलेल्या टायरवर तळहात आडवा फिरवून पाहा. एका दिशेने गुळगुळीत आणि उलट फिरवताना करवतीसारखा लागला, तर चाकांचा कोन बिघडला आहे असे समजावे.

आता मुख्य तपासणी. गाडी सपाट जमिनीवर उभी करून इंजिन चालू ठेवा, हँडब्रेक लावा आणि चाकांना ओट (अडकण) लावा. एकाने स्टीअरिंग अगदी थोडे डावी-उजवीकडे हलवावे आणि दुसऱ्याने बाहेर, चाकांच्या वाटेत न येता, आधी उजवे चाक कधी हलते ते पाहावे, मग डावे. आपल्याकडे बॉक्सकडून येणारा ड्रॅग लिंक हा दांडा उजव्या चाकाला जोडलेला असतो आणि डावे चाक टाय रॉडच्या, म्हणजे दोन्ही चाकांना जोडणाऱ्या आडव्या दांड्याच्या मार्फत फिरते. उजवेच उशिरा हलले तर दोष बॉक्स किंवा ड्रॅग लिंककडे. उजवे वेळेवर आणि डावे मागाहून हलले तर टाय रॉडकडे. यानंतर अ‍ॅक्सलखाली जॅक आणि घोडी (आधाराचा स्टँड) लावून चाक पहारीने वर उचलून पाहा. चाक डुलले तर कोणाला तरी ब्रेक दाबायला सांगा. डुलणे थांबले तर हबचे बेअरिंग सैल आहे, तसेच राहिले तर किंग पिन, म्हणजे ज्या खिळीवर पुढचे चाक वळते ती. पाट्या अ‍ॅक्सलला आवळणारे यू-बोल्ट आणि पाट्यांचा सेंटर बोल्टही नजरेखालून घाला. तोपर्यंत भरलेली गाडी कृपया घाटात नेऊ नका.

मूळ लेखकाचा उपप्रतिसाद

मनःपूर्वक आभार. काल भावाला बरोबर घेऊन सर्व तपासले. पुढे आलेले दोन्ही टायर लगच निघाले. डाव्यात ११० पौंड हवा होती आणि उजव्यात ९०.

स्टीअरिंगच्या कडेला खडूने खूण करून मोकळी हालचाल मोजली, ती ४ सेंटिमीटर भरली आणि उजवे चाक तिथेच हलू लागले. केंद्रीय मोटार वाहन नियमांतील नियम ९८ नुसार ३० अंशांपर्यंतचा ढिलेपणा चालतो. आमच्या ५० सेंटिमीटर व्यासाच्या स्टीअरिंगवर तो सुमारे १३ सेंटिमीटर होतो, म्हणजे बॉक्स निर्दोष दिसतो. डावे चाक मात्र त्यानंतर बऱ्याच उशिराने हलत होते. इंजिन बंद करून भावाने डावे चाक बाहेरून हाताने ढकलले-ओढले, तेव्हा टाय रॉडच्या डाव्या टोकावर ठेवलेल्या माझ्या बोटांना प्रत्येक वेळी स्पष्ट 'टक' जाणवत होती. त्या टोकाच्या बॉल जॉइंटचे (गोळीच्या सांध्याचे) रबर फाटले होते आणि ग्रीसमध्ये वाळू मिसळली होती. जुने, झिजलेले रिब टायर हा दोष झाकत होते एवढेच.

टाय रॉडची दोन्ही टोके बदलायला गाडी उद्या लावतो आहे. त्यानंतर अलाइनमेंट (चाकांचे कोन जुळवणे) करून रिब टायर पुन्हा पुढे घ्यायचे आहेत. एकच विचारायचे आहे: आतून झिजलेले हेच टायर रिमवर उलटवून, झिजलेली कड बाहेर ठेवून पुढे लावले तर चालेल का?

प्रतिसाद

टायरच्या बाजूला फिरण्याच्या दिशेचा बाण नसेल, कुठे तारा उघड्या पडल्या नसतील आणि दोन्ही टायरांतील उरलेली खोली सारखी असेल, तर चालेल. झीज जास्त असेल तर मात्र पुढे नवीन रिब जोडीच घ्या. पुढच्या टायरात काटकसर नको. मागे जोडचाकात टायर परत लावताना आतला आणि बाहेरचा एकाच उंचीचे आहेत ना ते बघा, आणि पहिल्या पन्नास-शंभर किलोमीटरनंतर सर्व चाकांचे नट पुन्हा आवळून घ्या.