मिशिगन-ओहायो स्टेटचं एवढं काय वाकडं आहे?

प्रश्न: या दोन युनिव्हर्सिटींच्या अमेरिकन फुटबॉल मॅचला, म्हणजे कॉलेजच्या मॅचला, लाखभर पब्लिक? बाकी हरा पण ही जिंकाच, असं का?

उत्तर १: अरे १८९७ पासून खेळतायत, आणि राज्यांचं भांडण तर त्याहून जुनं, १८३५ ला टोलेडो शहरावरून बंदुका घेऊन उभे होते. पण खरी आग लागली १९६९ ला, बो शेमबेक्लर हा ओहायो स्टेटचा कोच वूडी हेज याच्याच हाताखालचा असिस्टंट, मिशिगनचा कोच झाला आणि पहिल्याच वर्षी गुरूलाच धूळ चारली, मग पुढे ७८ पर्यंत नुसती जुंपलेली.

उत्तर २: १९५० ची 'स्नो बोल' मॅच विसरलास! बर्फाच्या वादळात मिशिगनला एकही फर्स्ट डाऊन (बॉल दहा यार्ड पुढे नेला की मिळतो तो) नाही तरी ९-३ ने जिंकले.

उत्तर ३: त्या आठवड्यात ओहायोवाले कॅम्पसवरच्या पाट्यांवरच्या 'एम'वर (मिशिगनचं अक्षर ना!) लाल टेपची फुली मारतात. बालिशपणा नुसता, पण भारी वाटतं.