दोन ॲपवर हवेचे दोन वेगळे आकडे : आईने सकाळचे चालणे थांबवावे का?

प्रश्न : चेंबूरची लेक

माझी आई ६९ वर्षांची आहे. चार वर्षांपूर्वी तिची अँजिओप्लास्टी झाली आणि तेव्हापासून ती रोज सकाळी साडेसहाला तासभर चालायला जाते. ऐन थंडीतही तिने त्यात खंड पडू दिलेला नाही. या हिवाळ्यात मात्र चालून आल्यावर तिला धाप लागते आणि दुपारपर्यंत घसा खवखवत राहतो. आमच्या इमारतीला लागून दोन पुनर्विकासाची कामे सुरू आहेत आणि माहुलचे तेलशुद्धीकरण कारखानेही फार लांब नाहीत. काळजीपोटी मी फोनवर हवेची दोन ॲप घेतली. परवा सकाळी एकावर निर्देशांक ९२ आणि ‘समाधानकारक’ असा शेरा होता, तर दुसऱ्यावर त्याच वेळी १४९ आणि ‘संवेदनशील व्यक्तींसाठी अपायकारक’ असा. यातले खरे कोणते मानावे? आणि या बारीक धुळीचा त्रास फुप्फुसांपुरताच असतो, की हृदयालाही पोहोचतो? आईला घरात बसवून ठेवणे मला योग्य वाटत नाही, पण डोळे मिटून बाहेर पाठवणेही जमत नाही.

उत्तर : वातावरणशास्त्राचा विद्यार्थी, पुणे

बहुधा दोन्ही आकडे एकाच हवेचे आहेत, फक्त मोजपट्ट्या निराळ्या आहेत. हवेत पीएम २.५, म्हणजे २.५ मायक्रोमीटर किंवा त्याहून लहान व्यासाचे कण, दर घनमीटरला ५५ मायक्रोग्रॅम असतील, तर भारतीय निर्देशांक ९२ च्या आसपास येतो आणि अमेरिकी पट्टीवर तीच हवा १४९ दाखवते. आपल्याकडे २००९ साली ठरलेले २४ तासांचे मानक ६० मायक्रोग्रॅम आहे आणि निर्देशांकाचा १०० हा आकडा तिथेच बसवलेला आहे. अमेरिकी पट्टीवर ३५ मायक्रोग्रॅमलाच शंभरी गाठली जाते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये सुचवलेली मर्यादा याहून बरीच खाली आहे : २४ तासांसाठी १५ आणि वर्षाच्या सरासरीसाठी ५. आपले वार्षिक मानक ४० आहे. म्हणून ‘समाधानकारक’ या शब्दाचा अर्थ हवा देशाच्या मानकात बसते एवढाच घ्यावा. हृदयरुग्णाला ती मानवेल, असे तो शब्द सांगत नाही. शक्य असेल तर निर्देशांकाऐवजी थेट मायक्रोग्रॅमचा आकडा पाहत जा.

आणखी एक बाब लक्षात असू द्यावी. अधिकृत निर्देशांक २४ तासांच्या सरासरीवर काढला जातो, त्यामुळे सकाळच्या दोन-तीन तासांत हवा कितीही बिघडली तरी ती त्या आकड्यात बरीचशी बुजून जाते. मुंबईत हिवाळ्यात नेमके हेच घडते. रात्री जमीन लवकर थंड होते, तिच्यालगतची हवा वरच्या हवेपेक्षा गार राहते आणि या विपरीत तापमानामुळे धूर व धूळ वर जाऊच शकत नाहीत. त्यात जमिनीकडून समुद्राकडे वाहणारे मतलई वारे मंद असतात. ऊन तापून दुपारी खारे वारे सुरू झाले की हवा हलते. पहाटेची हवा शुद्ध असते ही आपल्या मनात घट्ट बसलेली समजूत हिवाळ्यातल्या महानगराला लागू पडत नाही.

उत्तर : छातीविकारतज्ज्ञ, नाशिक

सर्वांत आधी एक विनंती : अँजिओप्लास्टी झालेल्या व्यक्तीला नव्याने धाप लागू लागली असेल, तर त्याचा दोष हवेला देऊन थांबू नका. या आठवड्यातच आईंना त्यांच्या हृदयरोगतज्ज्ञांकडे न्या आणि ईसीजी व इको तपासणी करून घ्या. छातीत दुखणे, घाम फुटणे किंवा बसल्या जागी दम लागणे असे काही दिसले, तर मात्र आठवड्याचीही वाट न पाहता थेट रुग्णालय गाठावे.

आता आपल्या प्रश्नाकडे येतो. धुळीचे मोठे कण नाकात आणि श्वासनलिकेच्या वरच्या भागात अडकतात आणि कफाबरोबर बाहेर पडतात. पीएम २.५ चे कण केसाच्या जाडीच्या विसाव्या भागाहूनही लहान असल्याने वायुकोशांपर्यंत पोहोचतात, आणि त्यातले अतिसूक्ष्म कण रक्तातही उतरतात. फुप्फुसात सुरू झालेला दाह तिथेच थांबत नाही : दाह वाढवणारी द्रव्ये रक्तात मिसळतात, रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तराचे काम बिघडते, रक्तदाब वाढतो, रक्त गोठण्याची प्रवृत्ती वाढते आणि धमनीत आधीच साचलेला मेदाचा थर फुटण्याची शक्यताही वाढते. त्यामुळे या कणांमुळे होणाऱ्या अकाली मृत्यूंमध्ये हृदयविकार आणि पक्षाघात यांचा वाटा फार मोठा आहे. लोक खोकल्याची वाट पाहतात, पण खोकला नसतानाही अपाय होत असतो, हे मला प्रत्येक हिवाळ्यात रुग्णांच्या नातेवाइकांना समजावून सांगावे लागते.

चालण्याविषयी लंडनमध्ये झालेला एक अभ्यास आपल्या प्रश्नाच्या अगदी जवळचा आहे. साठीपुढच्या निरोगी व्यक्ती, हृदयरुग्ण आणि फुप्फुसाच्या जुनाट आजाराचे रुग्ण यांना एकदा हाइड पार्कमध्ये आणि एकदा वाहनांनी गजबजलेल्या ऑक्सफर्ड स्ट्रीटवर प्रत्येकी दोन तास चालवले. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, बागेत चालल्याने फुप्फुसांची क्षमता आणि धमन्यांची लवचिकता यांना जो फायदा झाला, तो रस्त्यावर चालल्याने बराचसा हिरावला गेला. म्हणून, तपासणीत चालण्यास हरकत नाही असे ठरल्यावर, आईंचे चालणे बंद करू नका. वेळ आणि जागा बदला. हिवाळ्यात दुपारी चार ते साडेपाच ही वेळ बरी, आणि मुख्य रस्त्यापासून दोन-तीन गल्ल्या आत असलेले मैदान निवडा.

उत्तर : गिरणगावकर

माझे वडील परळच्या गिरणीत ३२ वर्षे कापसाच्या धुळीत उभे राहिले आणि ८४ वर्षे जगले. आपली पिढी आकड्यांना घाबरू लागली आहे, असे मला मनापासून वाटते. भीतीने माणसे घरात कोंडून घेऊ लागली, तर तेही आरोग्याला वाईटच.

उत्तर : छातीविकारतज्ज्ञ, नाशिक

आपल्या वडिलांना दीर्घायुष्य लाभले याचा आनंद आहे, आणि घरात कोंडून घेऊ नये याबाबत आपले एकमत आहे. परंतु एका माणसाच्या आयुष्यावरून शहराचे अनुमान काढता येत नाही. अमेरिकेतल्या सहा शहरांतील आठ हजारांहून अधिक प्रौढांचा १४ ते १६ वर्षे पाठपुरावा केलेला हार्वर्डचा अभ्यास १९९३ मध्ये प्रसिद्ध झाला. धूम्रपान आणि इतर घटक हिशेबात घेतल्यावरही सर्वांत प्रदूषित अशा स्ट्यूबेनव्हिलमधील मृत्युदर सर्वांत स्वच्छ शहरापेक्षा २६ टक्क्यांनी अधिक आढळला. तिथे पीएम २.५ ची सरासरी ३० मायक्रोग्रॅमच्या आसपास होती, आणि मुंबईची वार्षिक सरासरी अलीकडे त्याहून कमी नाही. कापसाच्या धुळीबद्दल म्हणाल, तर तिच्यामुळे होणाऱ्या फुप्फुसाच्या आजाराला वैद्यकात बिसिनोसिस असे स्वतंत्र नाव आहे; गिरणी कामगारांपैकी कित्येकांनी तो सोसला.

उत्तर : दिल्लीतला मराठी माणूस

अकरा हिवाळे इथे काढल्यावर जे उपयोगी पडले ते सांगतो. कापडी रुमाल आणि सैल सर्जिकल मास्क या कणांना जवळजवळ अडवत नाहीत. चेहऱ्याला कडेने घट्ट बसणारा एन९५ अडवतो, पण त्यातून श्वास घ्यायला जोर लागतो, म्हणून आईंनी तो वापरण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे. हवा शुद्ध करणारे यंत्र घ्यायचे झाल्यास हेपा फिल्टरचे घ्यावे, ओझोन सोडणारे नको. त्याआधी मात्र घरातला धूर थांबवावा : डासांची कॉइल, बंद खोलीतला धूप आणि फोडणीच्या वेळी न लावलेला एक्झॉस्ट पंखा. या गोष्टींना पैसे पडत नाहीत आणि फरक लगेच जाणवतो.

पुन्हा : चेंबूरची लेक

सर्वांचे मनापासून आभार. शुक्रवारी हृदयरोगतज्ज्ञांची वेळ मिळाली आहे आणि तोवर चालणे बंद ठेवले आहे. देवघरातला धूप आईने स्वतःहून कमी केला, उदबत्ती गॅलरीत लावते. शेजारच्या बांधकामाबद्दल एक विचारायचे होते : महापालिकेने ऑक्टोबर २०२३ मध्ये पत्र्याचे उंच कुंपण, हिरवे कापड आणि पाण्याची फवारणी सक्तीची केली होती ना? इथे कुंपण आहे, पण कापड फाटलेले आहे आणि राडारोड्याचे ट्रक उघडेच निघतात.

उत्तर : वातावरणशास्त्राचा विद्यार्थी, पुणे

होय, हे सर्व त्या नियमावलीत आहे, आणि राडारोडा झाकून नेणेही त्यातच येते. ट्रकचा क्रमांक, तारीख आणि वेळ दिसेल असे छायाचित्र काढून विभाग कार्यालयात लेखी तक्रार द्या आणि तिची पोच घ्या. सोसायटीच्या पत्रावर, सचिवांच्या सहीने दिलीत तर अधिक बरे.