लॅब माजावर आहे, नवव्या दिवशी लाल थांबलं. आता मोकळी सोडायची का?

चौथा_मजला: लॅब्राडोर मादी, वय 22 महिने, वजन 27 किलो, दुसरा माज. लाल थेंब दिसल्याला आज 11 दिवस झाले. नवव्या दिवसापासून स्राव फिका पडलाय, मांस धुतलेल्या पाण्यासारखा. सूज आहे पण आधीसारखी टणक नाही. गेटवर तीन गावठी नर ठाण मांडून बसलेत. पिल्लं नकोत, पुढे ऑपरेशन करायचं आहे. घरातली मोठी माणसं म्हणतात, लाल थांबलं म्हणजे माज गेला. बरोबर आहे का? आणि वहीत नेमकं काय लिहून ठेवायचं?

गोठा_ते_घर: घरातल्या मोठ्यांनी गाईचा हिशोब लावलाय, बाकी काही नाही. गाईला माज उतरल्यावर एक-दोन दिवसांनी रक्त दिसतं, म्हणून गोठ्यात "रक्त दिसलं, वेळ गेली" म्हणतात ते खरंच आहे. कुत्रीचं बरोबर उलट. रक्त आधी, माज नंतर. बाईच्या पाळीशीही याची तुलना नको, तिथे रक्त येतं ते चक्र वाया गेल्यावर.

पहिला टप्पा सरासरी 9 दिवसांचा, पण 3 ते 17 पर्यंत काहीही. निरण (मागची योनीची बाहेरची बाजू) सुजून टणक होते, स्राव लालभडक, नर मागे लागतात पण ती अंगावर घेत नाही, बसते किंवा गुरगुरते. दुसरा टप्पा पुन्हा सरासरी 9 दिवसांचा, लांबला तर 3 आठवडे. यात स्राव फिका, निरण मऊ आणि ती नराला उभी राहते. तुमची आत्ता इथे आली आहे. म्हणजे सगळ्यात जपायचे दिवस आजपासून.

खात्री करायची तर शेपटीच्या बुडाशी, कमरेवर बोटांनी खाजवा. शेपूट एका बाजूला वळवून मागचे पाय रोवून उभी राहिली की समजा. मात्र नुसत्या रंगावर जाऊ नका. काही माद्या शेवटपर्यंत लाल टाकतात, काहींचं लाल दिसतच नाही कारण चाटून साफ करतात.

पहिल्या थेंबापासून किमान 28 दिवस पट्टा सोडायचा नाही, गच्चीवरसुद्धा नाही. फिरवायचं पहाटे आणि रात्री उशिरा, गेटपासून लांब. या दिवसांत ती थोडी थोडी लघवी जागोजागी करते आणि नरांना तोच निरोप असतो, म्हणून शक्यतो गेटजवळ करू देऊ नका. डायपरने फरशी स्वच्छ राहते, नर थांबत नाही.

आणि हो, गावठी कुत्र्यांचा हंगाम भाद्रपदाच्या आसपास असतो, म्हणून थंडीत गल्लोगल्ली पिल्लं. लॅबला पंचांग लागू नाही. साधारण 6-8 महिन्यांनी येते, कुठल्याही महिन्यात.

वही_पेन: वहीचं सांगतो. सकाळ-संध्याकाळ पांढरा टिश्यू निरणीवर दाबायचा, पुसायचा नाही. डागाचा रंग लिहायचा: लाल, गुलाबी, पेंढ्यासारखा पिवळट, काहीच नाही. शेजारी सूज टणक की मऊ, शेपूट वळवली की नाही, नराला बघून काय केलं. बस, एवढंच. अॅप हवं तर वापरा, पण अॅप पुढची तारीख सरासरीवरून काढतं आणि तुमची कुत्री सरासरी नसते. तीन-चार माजांची वही झाली की तिचा स्वतःचा अंदाज बसतो.

अंतर मोजायचं ते पहिल्या थेंबापासून पुढच्या पहिल्या थेंबापर्यंत. 4 महिन्यांच्या आत पुन्हा आली किंवा वर्ष उलटलं तरी आली नाही, तर डॉक्टर. वर्षातून एकदाच येणाऱ्या जातीही आहेत, बसेंजी त्यातली, पण लॅब नाही. तरुण मादीत एक प्रकार होतो: आठवडाभर लाल, मग सगळं बंद, आणि 2 ते 10 आठवड्यांत पुन्हा सुरुवात. हा अर्धवट तुटलेला माज. दुसऱ्यांदा येईल तेव्हा दिवस पुन्हा एकपासून मोजा.

लॅब_रिपोर्ट: पिल्लं हवी असणाऱ्यांसाठी लिहितो, कारण "अकराव्या आणि तेराव्या दिवशी नर दाखवा" हा सल्ला सगळीकडे फिरतो आणि मादी भाकड असल्याचा शिक्का बसतो. दोष तारखेचा असतो. कुणाचं बीज आठव्या दिवशी सुटतं, कुणाचं विसाव्या. पाचव्या-सहाव्या दिवसापासून दर 2-3 दिवसांनी रक्तातलं प्रोजेस्टेरॉन (बीज सुटण्याच्या सुमारास वाढणारं संप्रेरक) तपासा. 2 ते 3 नॅनोग्रॅम प्रति मिली झालं की बीज सुटायला सुमारे 2 दिवस, 5 ते 8 ला बीज सुटतं. सुटलेलं बीज कच्चं असतं, पिकायला आणखी 2 दिवस लागतात. मिलन तेव्हा. बीज सुटल्यापासून 63 दिवसांनी, एखादा दिवस मागेपुढे, वीण.

रिपोर्टवरचं एकक वाचा. नॅनोमोल प्रति लिटर असेल तर 3.18 ने भागा, नाहीतर 6 चा आकडा बघून लोक नर घेऊन पळतात आणि तो खरा 1.9 असतो. रक्त लाल टोपणाच्या साध्या नळीत घ्यायला सांगा. जेल असलेल्या नळीत आकडा कमी दिसू शकतो. रक्त तपासणारी लॅब मध्येच बदलू नका.

चौथा_मजला: धन्यवाद. दोन शंका. एखाद मिनिट निसटली तर? आणि ऑपरेशन नक्की कधी?

गोठा_ते_घर: जोडी अडकली असेल तर ओढू नका, पाणी मारू नका, दोघांनाही इजा होते. 5 ते 30 मिनिटांत आपोआप सुटतात. वेळ लिहून ठेवा आणि डॉक्टरांना लगेच सांगा. वीर्य आत 5-6 दिवस जिवंत राहतं, म्हणून "आज दिवस नव्हता" हा दिलासा खोटा. पुन्हा निसटू देऊ नका, एका विणीत दोन बापांची पिल्लं होतात. गर्भ आहे का ते 28 दिवसांच्या सुमारास सोनोग्राफीत कळतं. पिल्लं नकोतच असल्याने ऑपरेशन अलीकडे घ्यायचं का, तेही तेव्हाच विचारा. गर्भ राहू नये म्हणून इस्ट्रोजेन या संप्रेरकाचं इंजेक्शन कुणी सुचवलं तर नाही म्हणा. त्याने गर्भाशयात पू होण्याचा धोका वाढतो, अस्थिमज्जाही कोलमडू शकते.

वही_पेन: निसटली नाही तर ऑपरेशन माज संपल्यावर अडीच-तीन महिन्यांनी. आत्ता रक्तवाहिन्या फुगलेल्या असतात, रक्तस्राव जास्त. पुढचे दोन महिने प्रोजेस्टेरॉन वर असतं. मध्येच अंडाशय काढलं की ते एकदम कोसळतं आणि खोटी गाभण सुरू होते: दूध, खेळणी गोळा करणं, बिछाना उकरणं. ऑपरेशनच्या आधी सडांत दूध नाही ना ते डॉक्टरांना बघायला सांगा. सारखं पिळून बघू नका, पिळण्यानेच दूध येत राहतं.

तोवर, माजानंतरच्या चौथ्या ते आठव्या आठवड्यात, ती किती पाणी पिते ते मोजा, गर्भाशयात पू झाला तर ते वाढतं. 27 किलोला दिवसाला दीड लिटरच्या आसपास ठीक. 2.7 लिटरच्या वर गेलं, जेवण सोडलं, उलट्या झाल्या किंवा मागून पू दिसला तर त्याच दिवशी सोनोग्राफी. पू बाहेर येत नाही आणि पोट फुगतंय, हे जास्त वाईट, कारण गर्भाशयाचं तोंड बंद असतं. जग भरताना पातळीला मार्करने रेघ मारून ठेवा, अंदाजाने कळत नाही.