मदत हवी आहे: कुत्रीच्या पंजाची गादी कापली, रक्त थांबेना

खोडवा_निपाणी
कुत्रीच्या पंजाची गादी कापलीय. दाबून धरलं की थांबतं, उठून चार पावलं चालली की परत रक्त. आज रविवार, पशुदवाखाना बंद. घरी काय लावायचं ते लवकर सांगा. "डॉक्टरकडे न्या" एवढंच लिहू नका, ते कळतंय.

पशुपरिचर
कोणता पाय? बोटाखालची लहान गादी की मधली मोठी? कशानं कापलं, कधी? काठ फाकलेत का? हे कळल्याशिवाय नेमकं सांगता येणार नाही.

तोवर सुती फडक्याची घडी जखमेवर ठेवून सलग १० मिनिटं दाबा. मधे उचलून बघू नका, धरलेली गुठळी निघते आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. फडकं भिजलं तर त्याच्यावरच दुसरं ठेवा. आणि हे सगळं करायच्या आधी तोंड बांधा. कितीही गरीब असली तरी दुखऱ्या पायाला हात लागला की चावते. रुंद सुती पट्टीचा नाकावरून वेढा, हनुवटीखाली गाठ, मग टोकं कानांमागे बांधायची. धाप लागली असेल किंवा उलटी होत असेल तर मात्र बांधू नका.

हिरण्यकेशी_काठ
हळद दाबून भरा की. रक्त जागच्या जागी थांबतं. वर खोबरेल तेल लावा. बैलाला असू दे नाहीतर कुत्र्याला, आमच्याकडं हेच करतात.

पशुपरिचर
@हिरण्यकेशी_काठ खोल जखमेत हळद नको. रक्तात कालवून तिचा लगदा वाळतो. आत काच किंवा माती राहिली असेल तर ती त्याखाली दडते, मग धुताना सगळं खरवडावं लागतं.

हिरण्यकेशी_काठ
पिढ्यान्‌पिढ्या लावत आलेले लोक सगळे खुळे काय हो?

तिलारी_घाट
हळदीला कोण नाव ठेवालंय? वरवर खरचटलं असेल तर लावा. उघड्या फटीत कसलीच भुकटी भरू नये, हळद असो, कॉफी असो की जंतुनाशक पावडर.

@खोडवा_निपाणी धुणं हेच निम्मं औषध. मेडिकलमध्ये 'एनएस'ची, म्हणजे साध्या सलाईनची ५०० मिलीची बाटली मागा, त्यावर फक्त सोडियम क्लोराइड ०.९ टक्के लिहिलेलं असावं. 'डीएनएस' देतील तर परत करा, त्यात साखर असते. २० मिलीची सिरिंज आणि १८ नंबरची सुई घ्या. सुई टोचायची नाही, बोटभर लांबून जोरात धार मारायची. अख्खी बाटली संपवा. सलाईन मिळालं नाही तर अर्धा लिटर उकळलेल्या पाण्यात मिठाचा एक सपाट चहाचा चमचा, कोमट झाल्यावर वापरा. नंतर ५ टक्क्यांचं बेटाडीन, २०० मिली पाण्यात दोन चमचे. रंग फिक्या कोऱ्या चहासारखा दिसला पाहिजे. डेटॉल, स्पिरिट, हायड्रोजन पेरॉक्साइड यातलं काही लावू नका. नव्यानं भरून येणारं मांस जळतं आणि जखम रेंगाळते.

खोडवा_निपाणी
पुढचा डावा पाय, मधली मोठी गादी. ऊसतोड झालेल्या फडात शिरली होती. उसाचा बुडखा लागला की बाटलीची काच, माहीत नाही. काल संध्याकाळची गोष्ट. मुधोळ जातीची आहे, वजन २२ किलो. हळद कालच भरली होती. साधी पट्टी दातांनी काढली म्हणून चिकटपट्टी घट्ट गुंडाळलीय, रक्त तिच्यातूनच येतंय. धनुर्वाताचं इंजेक्शन घरी देऊ का?

मुधोळप्रेमी_गोकाक
मुधोळ! ह्या जातीवर २००५ साली टपाल तिकीट निघालंय. अस्सल असेल तर डोकं लांब, निमुळतं आणि छाती खोल असते. फोटो टाका, बघून सांगतो.

पशुपरिचर
फोटो राहू दे. घट्ट चिकटपट्टी कालपासून आहे हे पहिल्या ओळीत यायला हवं होतं. आता आधी तेच. मधली दोन नखं एकमेकांपासून फाकलेली दिसतात का? बोटं दुसऱ्या पंजापेक्षा गार लागतात का? तसं असेल तर रक्तपुरवठा आवळला गेलाय, ह्या क्षणी पट्टी कापा. बोथट टोकाची कात्री घ्या, जखम तळाला आहे म्हणून पंजाच्या वरच्या बाजूनं कापत या. केसांना चिकटलेला भाग ओढू नका. त्यावर खोबरेल तेल चोळा, पाच मिनिटांत सुटेल. तेल जखमेत जाऊ देऊ नका.

धनुर्वात कुत्र्यांना क्वचित होतो, ते इंजेक्शन त्यांना सरसकट देत नाहीत. फडात तुमच्याच पायाला काच लागली असेल तर तुम्ही घ्या. रेबीजची लस मात्र वेळेवर झालीय का ते कार्डावर बघा.

साखरपट्टा
दुखत असेल तर क्रोसिनची अर्धी गोळी द्या.

तिलारी_घाट
अजिबात नको! क्रोसिन म्हणजे पॅरासिटामॉल, त्यानं कुत्र्याचं यकृत बिघडतं. आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅकनं पोटात व्रण होतात, मूत्रपिंडं जातात. माणसाची वेदनाशामक गोळी कुठलीच देऊ नका.

खोडवा_निपाणी
काढली. नखं फाकलेलीच होती, बोटं गार. अर्ध्या तासात ऊब आली. धुतल्यावर पिवळं पाणी येत राहिलं, दोन बाटल्या लागल्या. जखम ३ सेंमी, काठ उघडतात, आत पिवळसर पांढरं दिसतंय. पू आहे का?

साखरपट्टा
फेविक्विकनं काठ चिकटवा, शिवायला नको.

पशुपरिचर
फेविक्विक आतल्या ओल्या मांसाला भाजतं आणि घाण आतच कोंडते. नको.

पिवळसर दिसतंय तो बहुतेक गादीखालचा चरबीचा थर, पू नव्हे. पण याचा अर्थ गादी आरपार फाटलीय. अशी जखम ६ ते ८ तासांत शिवली तर उत्तम. तुमची ती वेळ गेलीय, तरी डॉक्टर काठ साफ करून शिवतील किंवा उघडी ठेवून भरू देतील. गादीवर वजन पडलं की ती पसरते, टाके ताणले जातात, म्हणून पट्टी आणि विश्रांती दोन ते तीन आठवडे लागतेच. उद्या सकाळी बेळगाव किंवा कोल्हापूर, तुम्हाला कोल्हापूर जवळ. बुडख्याचा तुकडा आत असेल तर एक्स-रेत दिसत नाही, काच बहुधा दिसते. फडात घडलंय हे डॉक्टरांना सांगा.

मुधोळप्रेमी_गोकाक
आणि मुधोळ आहे हेही भूल द्यायच्या आधी सांगा. अशा सडपातळ शिकारी जातींना काही भुलीच्या औषधांतून शुद्धीवर यायला जास्त वेळ लागतो.

तिलारी_घाट
आज रात्रीची पट्टी अशी बांधा. बोटांच्या मधे कापसाचे पातळ बोळे, अंगठ्याच्या नखाखालीही एक. जखमेवर पॅराफिनची जाळी (मेणचट, न चिकटणारी), वर गॉजची घडी. मग कापसाचा रोल बोटांपासून मनगटाच्या वरपर्यंत, प्रत्येक वेढा आधीच्यावर निम्मा. मधल्या दोन नखांची टोकं उघडी ठेवा, सूज तिथंच कळते. वरून क्रेप, पूर्ण ताणू नका. चिकटपट्टी फक्त सगळ्यात वर, अर्धी पट्टीवर अर्धी केसांवर, एक वेढा, तोही सैल. आत बोट गेलं पाहिजे. रोज बदला, भिजली तर तेव्हाच.

खोडवा_निपाणी
बांधली. चाटालीय परत. आणि लघवीला बाहेर न्यायचं कसं, अंगणात चिखल आहे.

पशुपरिचर
गळ्यात प्लास्टिकचा कोन घाला. नसेल तर बादलीचा बूड कापून, कडेला कापड शिवून गळपट्ट्याला बांधा. बाहेर नेताना सलाईनची रिकामी पिशवी पंजावर चढवा, दोरी सैल. आत आल्या आल्या काढा. कुत्र्याला घाम पंज्यातूनच येतो, पिशवी राहिली तर गादी पांढरी पडून कुजते. घरात पायाखाली पोतं अंथरा, गुळगुळीत फरशीवर घसरली की फट पुन्हा उघडते.

खोडवा_निपाणी
पोतं अंथरलं. नखं बघितली, जवळजवळ आहेत, बोटं गरम. सकाळी सातला निघतोय कोल्हापूरला.