मुंबईत परततोय, गिफ्टेड वर्गाबद्दल विचारायचंय

नमस्कार मंडळी,

जूनमध्ये आम्ही न्यू जर्सीहून मुलुंडला परततोय. मुलगी पाचवीत जाईल. इथे शाळेने सगळ्या वर्गाची कॉगॅट ही विचारक्षमता तपासणारी चाचणी घेतली आणि तिला गिफ्टेड वर्गात, म्हणजे विशेष हुशार मुलांच्या वेगळ्या वर्गात घेतलं. मुंबईत असा वर्ग कुठल्या शाळेत आहे? नातेवाइकांनी तर थेट होमी भाभा स्पर्धेच्या तयारीच्या क्लासची फीच कळवली. कोणाला अनुभव आहे का?

---

नमस्कार ताई,

मी दादरची. पालिकेच्या शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झाले, सध्या मुलाकडे न्यू जर्सीतच एडिसनला आहे.

तसा वेगळा वर्ग मुंबईच्या शाळांत सहसा नसतो. आपल्याकडे निवड परीक्षांतून होते: स्कॉलरशिप, होमी भाभा, पुढे विज्ञान-गणिताचं ऑलिम्पियाड. होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धा मुंबईच्या विज्ञान शिक्षकांच्या मंडळानेच उभी केली आहे, सहावी आणि नववीसाठी. लेखी, मग प्रात्यक्षिक, मग प्रकल्प आणि मुलाखत, ही रचना मला मनापासून आवडते. पण सुट्टीभर प्रश्नसंच घोटून घेतले की लेखीत तयारीच मोजली जाते. आणि ज्याच्या घरी फीचे पैसे नाहीत ते मूल फॉर्मपर्यंतसुद्धा पोचत नाही.

माझ्या वर्गात कोळीवाड्यातली एक मुलगी होती. गुण बेताचे, वही अर्धी कोरी. वडिलांची होडी कधी निघते हे बघून तिने स्वतःच ताडलं होतं की भरती रोज पाऊण तासाहून थोडी जास्त पुढे सरकते. मग एक दिवस तिने विचारलं, "बाई, चंद्र एकच, तर भरती दिवसातून दोनदा का?" सहावीतल्या मुलीचा हा प्रश्न! शाळेतून स्पर्धेसाठी नावं गेली ती मात्र पहिल्या पाच नंबरांची. तिचं नाव कुणी सुचवलंच नाही.

म्हणून तुमच्या शाळेने सगळ्या वर्गाची चाचणी घेतली हे मला फार मोलाचं वाटतं. फ्लोरिडात ब्रॉवर्ड काउंटीमध्ये आधी शिक्षक-पालकांनी सुचवलेल्या मुलांचीच चाचणी होई. २००५ मध्ये दुसरीतल्या सगळ्यांची पहिली चाळणी सुरू झाली आणि गिफ्टेड ठरणाऱ्या गरीब घरच्या मुलांचं प्रमाण पूर्वीच्या जवळजवळ तिप्पट झालं. मुलं तीच होती, फक्त आता त्यांच्याकडे कुणीतरी पाहिलं.

तरी एका आकड्यावर विसंबू नका. १९२१ साली कॅलिफोर्नियात मानसशास्त्रज्ञ टर्मन यांनी बुद्ध्यंकावरून हुशार मुलं निवडायला घेतली. त्यात गुण कमी पडले म्हणून शॉक्ली आणि अल्वारेझ गळाले. दोघांनाही पुढे भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं.

पुण्यात ज्ञानप्रबोधिनीने १९६२ पासून हे काम धरलं आहे. १९६९ मध्ये त्यांनी बुद्धिमान मुलांसाठी शाळाच काढली, पण त्यासाठी तुम्हाला पुण्यात राहावं लागेल. मुंबईत मानखुर्दला होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र आहे. ऑलिम्पियाडचं काम तिथून चालतं, आणि मुलांसाठी तिथे काय चाललंय त्यावर लक्ष ठेवा. शाळा निवडताना एवढंच विचारा: मुलीने धड्याबाहेरचं काही विचारलं तर बाई काय करतात? राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये अशा मुलांसाठी विषयवार मंडळं आणि जादा साहित्य सुचवलं आहे. त्यातलं शाळेत काय सुरू आहे, तेही विचारा. क्लास या वर्षी तरी नको.

---

काकू, एक शंका. पालिकेच्या शाळा आठ माध्यमांत चालतात. सगळ्यांची चाचणी घ्यायची तर कोणत्या भाषेत?

---

आकृत्यांची घ्यावी. रेव्हनच्या चाचणीत फक्त नक्षीतला गाळलेला तुकडा ओळखायचा असतो, वाचायचं काही नसतं. पण नुसती तीही पुरत नाही. वर्षभर मुलांचे प्रश्न टिपून ठेवणारी वही प्रत्येक वर्गात हवी. मी ठेवत असे. कुणाला हवी असेल तर तिचे रकाने कसे आखायचे ते पुढच्या मेलमध्ये लिहिते.

---

काकू, मला नक्की पाठवा. मुलुंडच्या दोन शाळांना भेटणार आहे, तेव्हा सोबत नेईन.